लाकडातले आर्सेनिक

जमिनीत रोवलेला लाकडी खांब नेमका बुडाशीच का कुजतो? तिथे ओल टिकते आणि हवाही मिळते, म्हणून बुरशी फोफावते. उरलेले काम वाळवी करते. या दोघींवरची विषे पूर्वीपासून माहीत होती : बुरशीला मोरचूद, तर वाळवीला आर्सेनिकची संयुगे. अडचण एकच होती. ही विषे पाण्यात विरघळत आणि पावसाबरोबर लाकडातून वाहून जात.

ही अडचण आपल्याच देशात सुटली. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतील सोंती कामेशम यांनी १९३३ मध्ये या दोहोंच्या जोडीला डायक्रोमेट हे क्रोमियमचे संयुग घेतले. हे द्रावण दाब देऊन लाकडात मुरवले, की लाकडातल्याच घटकांशी क्रिया होऊन क्रोमियमची संयुजा ६ वरून ३ वर येते. तांबे व आर्सेनिक यांची न विरघळणारी संयुगे तयार होतात आणि लाकडाच्या पेशींत अडकून बसतात. हिरवट झाक आलेले असे लाकूड कित्येक दशके टिकते. पुढे ही पद्धत जगभर पोचली. खांबांपासून अंगणातल्या लाकडी ओट्यांपर्यंत आणि मुलांच्या घसरगुंड्यांपर्यंत हे लाकूड वापरले गेले.

पण ‘अडकले’ म्हणजे ‘नाहीसे झाले’ नव्हे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एक कुटुंब दर हिवाळ्यात आजारी पडे. केस गळत, मुलांना झटके येत. घरातल्या शेगडीत असेच लाकूड जळत होते, हे शेवटी उमगले. १९८४ मध्ये ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. अशा लाकडाची राख चाटून गुरे दगावल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय न जाळताही थोडे आर्सेनिक मातीत झिरपते आणि हाताला लागते. आर्सेनिकमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे अमेरिकेत २००३ अखेर या लाकडाचे बहुतेक घरगुती उपयोग थांबले. युरोपातही २००४ पासून कडक निर्बंध आले.

जुन्या लाकडाचा हिरवटपणा उन्हापावसात उडून जातो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. म्हणून जुन्या खांबांचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नयेत; त्यांचा भुसाही श्वासात जाऊ देऊ नये.

वर्गात ‘मूलद्रव्य रासायनिक क्रियेत नष्ट होत नाही’ हे वाक्य आपण शिकवतो. मुलांना विचारून पाहा : लाकूड जळून गेले, मग त्यातले आर्सेनिक कुठे गेले?