विडीकामगार कोणाचा?

‘नोकर’ आणि ‘स्वतंत्र कंत्राटदार’ हा भेद कागदावर सोपा दिसतो. मात्र त्यावर कुणाची पगारी रजा अवलंबून असली, की त्याचा खरा कस लागतो.

हा भेद ठरवण्यासाठी आपल्या न्यायालयांनी इंग्लंडच्या मालक-सेवक कायद्यातली कसोटी स्वीकारली : काम काय करायचे एवढेच नव्हे, तर ते कसे करायचे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे? सौराष्ट्रातील धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात (१९५६) मिठाच्या वजनावर मोबदला घेणारे आणि स्वतःचे मदतनीस नेमणारे आगरियाही याच कसोटीवर कामगार ठरले.

विडी कारखान्यांत मात्र ही कसोटी अडखळली. बिरधीचंद शर्मा खटल्यात (१९६०) नागपूरच्या विडीकामगारांचा वाद पगारी रजेचा होता. ते केव्हाही येत, नगावर मजुरी घेत. न्यायालय म्हणाले, काम साधे असल्याने क्षणोक्षणी देखरेख नको. वाईट विड्या दिवसाअखेरी नाकारणे हेही नियंत्रणच. कामगार जिंकले. वर्षभरातच शंकर बालाजी वाजे खटल्यात (१९६१) प्रश्न पुन्हा रजेचाच होता. येथे बहुमताला पुरेसे नियंत्रण दिसले नाही आणि विडी वळणारा कारखाने कायद्याखालील ‘कामगार’ ठरला नाही. न्या. सुब्बा राव यांनी भिन्नमत नोंदवले.

आम्हांला यात कसोटीचे मूळ वैगुण्य दिसते. ज्याच्या बोटांत कसब मुरले आहे, त्याला ‘कसे’ हे कोण सांगणार? न सांगणे म्हणजे स्वातंत्र्य मानले, तर कारागिराचे कौशल्यच त्याच्याविरुद्धचा पुरावा होते.

हे कोडे पुढे संसदेने सोडवले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगारांत गणले. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या निकालात (१९७३) न्यायालयानेही नियंत्रण ही एकमेव कसोटी नसल्याचे सांगून, शिलाईयंत्रे कोणाची याकडे लक्ष दिले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता गिग कामगाराची व्याख्या पारंपरिक मालक-कामगार नात्याबाहेरचा अशी करते. त्याला कल्याणयोजना मिळतील. पण ज्या पगारी रजेसाठी नागपूरचे कामगार भांडले, तिचा हक्क या व्याख्येतून निघत नाही. ॲपवरून येणाऱ्या आज्ञेला नियंत्रण म्हणायचे की नाही, हा जुनाच प्रश्न आता नव्या दारात उभा आहे.