त्रिरश्मीचे दायक आणि आपली वर्गणी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, झरी जामणी हा कापूस पिकविणारा तालुका आहे. तेथील काय किंवा विदर्भातील अन्य खेड्यांतील काय, विहारांच्या उभारणीचा इतिहास बहुधा एकसारखाच असतो. वस्तीतील उपासक-उपासिका मजुरीतून, शेतमालाच्या पैशातून वर्गणी देतात. विहार उभा राहतो. बुद्धमूर्तीची स्थापना होते. पुढे छपराच्या दुरुस्तीपासून चीवरदानापर्यंत प्रत्येक कार्यासाठी पावतीपुस्तक पुन्हा त्याच दारी जाते. काही वर्षांनी दायकाचा हात आखडतो. त्याची श्रद्धा उणी झाली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस मात्र वाटते की, दायकाशी जडलेले नाते कशाने टिकते, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही. आपल्याच इतिहासात त्याचे उत्तर कोरून ठेवलेले आहे.

प्रथम विनयपिटक पाहू. आळवी येथील भिक्षू स्वतःसाठी कुटी बांधू लागले आणि माणसे, बैल, गाडी, लाकूड, माती अशा मागण्या करीत दारोदार फिरू लागले. लोक इतके त्रासले की, भिक्षू दिसताच वाट बदलू लागले; दुरून गाय दिसली तरी भिक्षूच समजून पळू लागले. ही हकीकत कानी आल्यावर भगवंतांनी त्या भिक्षूंची निर्भर्त्सना केली आणि कुटीच्या मापाचा व जागेचा नियम घालून दिला. मागणाऱ्याचा अतिरेक देणाऱ्याला दूर लोटतो, हे संघाने इतक्या आरंभीच ओळखले होते. दीघनिकायातील सिगालोवादसुत्तात हेच नाते दुसऱ्या बाजूने मांडले आहे. गृहस्थाने श्रमणांची मैत्रीपूर्ण काया-वाचा-मनाने सेवा करावी, त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावे, अन्न-वस्त्र द्यावे. श्रमणांनीही त्यास पापापासून परावृत्त करावे, न ऐकलेले ऐकवावे, ऐकलेले स्पष्ट करून सांगावे. दान हे अशा रीतीने दुहेरी कर्तव्य आहे.

या तत्त्वाला व्यवहाराचे रूप कसे मिळाले, हे नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर दिसते. लोक या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. तेथील शिलालेखांत मात्र डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजेच त्रिरश्मी, असे आहे. दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने चातुर्दिश संघाला दिले. लेणे देऊन तो थांबला नाही. वर्ष ४२ च्या लेखानुसार त्याने ३,००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’ ठेवली. म्हणजे मुद्दल कधीही मोडायचे नाही, केवळ वृद्धी, म्हणजे व्याज, उपभोगायचे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली होती : २,००० कार्षापण शेकडा १ दराने आणि १,००० कार्षापण शेकडा पाऊण दराने.

यातील हिशेब पाहण्यासारखा आहे. व्याज दरमहा धरले, तर २,००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होतात. लेखात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी नेमले आहेत. २० गुणिले १२ म्हणजे नेमके २४०. उषवदाताने आधी गरज मोजली आणि मग देणगी ठरविली, असे दिसते. हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले व फलकांवर नोंदविले, असेही लेख सांगतो. कोणी, किती, कशासाठी दिले आणि ते कोणाकडे आहे, हे साऱ्या नगराला ठाऊक होते.

पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. परंतु संघाला मिळणारे दान थांबले नाही. गौतमीपुत्र सातकर्णीने त्रिरश्मीवरील भिक्षूंना कखडी गावातील शेत दिले होते. वर्ष २४ चा लेख गौतमीपुत्र व त्याची माता यांच्या नावे आहे. पूर्वी दिलेले ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, असे त्यात स्पष्ट नमूद करून त्याऐवजी नगराच्या सीमेवरील १०० निवर्तन राजकीय जमीन दिली आहे. राजाने आपले दान निष्फळ ठरल्याचे दगडावर कोरून कबूल केले आणि ते सुधारले! हे घडण्यास दिलेल्या दानाची स्थिती दात्यापर्यंत पोहोचणे आवश्यक होते. दान घेतल्यावर घेणारा आणि देणारा यांच्यातील बोलणे संपले नव्हते, एवढे यावरून निश्चित होते.

तिसरे उदाहरण एका उपासिकेचे आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीत विष्णुदत्ता या शक स्त्रीने त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी अक्षयनीवी ठेवली. तिनेही रक्कम एका हाती दिली नाही; कुलरिक, ओदयंत्रिक, तेली अशा वेगवेगळ्या श्रेणींकडे विभागून ठेवली. क्षत्रप गेले, सातवाहन गेले. पण अक्षयनीवीची रीत तिच्या काळापर्यंत चालू राहिली.

आता झरी जामणीकडे परत येऊ. वर्षावास आषाढी पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या हाती पैसा नसण्याचे हेच महिने. बियाणे-खतापायी कर्ज झालेले असते आणि वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते. संघाला गरज असते तेव्हा दायक रिकामा असतो आणि दायकाजवळ पैसा येतो तेव्हा आपण त्याच्याकडे जात नाही. उषवदाताची अक्षयनीवी नेमकी हीच दरी भरून काढीत होती.

दीक्षाविधीच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचा निर्धार करावा, असे सांगितले. विसावा हिस्सा ही मिळकतीशी बांधलेली, नियमित देणगी आहे. पीक बुडाले तर तीही घटते. दायकावर ओझे होत नाही. मग आपण तिचे रूपांतर प्रसंगोपात्त वर्गणीत का करावे?

म्हणून आमची सूचना साधी आहे. कापसाचा पैसा आल्यावर, ज्याला जमेल त्याच्याकडून जमेल तेवढे घ्यावे. नोंदणीकृत न्यासाच्या नावे बँकेत मुदत ठेव करून मुद्दलास हात लावू नये. व्याज वर्षावासासाठी, आजाऱ्यांसाठी, मुलांच्या पुस्तकांसाठी आधी ठरवून खर्चावे. वैशाखी पौर्णिमेला दायकांसमक्ष हिशेब वाचावा. योजलेले काम फसले असेल तर तेही सांगावे. पाच रुपये देणाऱ्या मजूर उपासिकेचे नावही त्याच वहीत, त्याच अक्षरात असावे. आणि विहारातून तिच्या घरी वर्षातून एकदा तरी कोणी असे जावे की, ज्याच्या हाती पावतीपुस्तक नाही, धम्मग्रंथ आहे.