झाकणाचं कुळ

जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकणं हे आता मंचर-नारायणगावसारख्या बाजारगावातलंही रोजचं काम झालं आहे. दुकानाच्या टेबलावर लॅपटॉप पालथा पडतो, स्क्रू निघतात, कडेच्या फटीतून प्लॅस्टिकची चपटी पट्टी फिरते आणि लॉक एकेक करून टकटक सुटतात. मागचं कव्हर हातात आलं की आधी बॅटरीची पिन काढायची, मग जुनी हार्ड डिस्क. गिऱ्हाइकाचं सगळं लक्ष त्या डिस्ककडे असतं, कारण त्यात कॉलेजचा प्रोजेक्ट, लग्नाचे फोटो, शेतमालाच्या पट्ट्यांचा हिशेब असं सगळं असतं. बाजूला ठेवलेल्या कव्हरकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

ते कव्हर एकदा आतून बघावं. बाहेरून काळं प्लॅस्टिक असलं तरी बऱ्याच लॅपटॉपांत आतल्या बाजूला चंदेरी लेप दिलेला असतो, कुठे धातूचा पातळ कागद चिकटवलेला असतो, कडेला चिमुकल्या स्प्रिंगा असतात. वजन असं काहीच नाही, तरी बंद करायला दहा-बारा स्क्रू. नुसतं धरून ठेवायचं तर चार पुरले असते. मग बाकीचे कशासाठी? त्यासाठी झाकणाचं कुळ शोधावं लागतं, आणि ते शोधता शोधता आपण थेट जुन्नर तालुक्यातल्या खोडदला येऊन पोहोचतो.

साठवणीचं यंत्र मुळात झाकणात नव्हतंच. 1956 मध्ये आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा ती कपाटाएवढी होती. 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनाच्या पुढे आणि क्षमता 50 लाख अक्षरांची. वाचणारा हात तबकडीपासून साधारण 20 मायक्रॉनवर, दाबलेल्या हवेच्या थरावर तरंगायचा. माहिती दाटीने लिहायची तर हे अंतर कमी करणं भाग होतं, आणि अंतर कमी झालं की धुळीचा कणसुद्धा धोंडा ठरतो. यावर 1973 मध्ये आयबीएमनेच उपाय काढला. तबकड्या आणि वाचणारे हात एकाच बंद डबीत घातले आणि गरज पडली की सगळी डबीच बदलायची. आधीच्या आराखड्यात 30 मेगाबाइटचे दोन भाग होते. त्यावरून विंचेस्टरची ‘थर्टी-थर्टी’ ही प्रसिद्ध रायफल आठवून या डबीला ‘विंचेस्टर’ असं टोपणनाव पडलं. आज दुकानदार ‘डिस्क बदलू, पण उघडणार नाही’ म्हणतो, ती शिस्त या डबीची. आजच्या डिस्कमध्ये तर हात तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर असतो. 1988 मध्ये प्रेअरीटेक नावाच्या कंपनीने अडीच इंची, 20 मेगाबाइटची डिस्क आणली आणि लॅपटॉपच्या पोटात तिच्यासाठी ठरलेल्या मापाचा कप्पा आला. हे माप इतकं पक्कं बसलं, की पुढे आतल्या तबकड्या गेल्या, त्या जागी चिप आल्या, तरी सुरुवातीच्या एसएसडी त्याच अडीच इंची डबीत आल्या. उघडून पाहिलं तर त्यांतल्या कित्येक अर्ध्या रिकाम्या असतात.

पण धूळ अडवण्यापुरती ती डबीच पुरेशी आहे. लॅपटॉपच्या कव्हरला धुळीचं काही पडलेलं नाही. पंख्यासाठी त्याला भोकं ठेवलेली असतात आणि आत धुळीचे बोळे साचतातच. कव्हरला अडवायची असते ती वेगळीच गोष्ट, आणि तीही बाहेरून आत येणारी नव्हे.

1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये स्टीव्ह डॉम्पिअर या हौशी गृहस्थाने आपला अल्टेअर संगणक मांडला आणि त्याच्याजवळ एक साधा रेडिओ ठेवला. संगणकाला स्पीकर नव्हता. तरी रेडिओतून बीटल्सचं एक गाणं वाजू लागलं. संगणकातली वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होते, तेव्हा तारा आणि पट्ट्या आपोआप छोट्या प्रक्षेपकासारख्या वागतात. डॉम्पिअरने ती गळती सुरात बसवली एवढंच. टीआरएस-80 या लोकप्रिय घरगुती संगणकावर खेळ खेळताना लोक आवाजासाठी मुद्दाम शेजारी रेडिओ लावून ठेवत. मजा होती, पण शेजाऱ्याच्या टीव्हीवर मुंग्या येत त्याचं काय? अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण आयोगाने 1979 मध्ये संगणकांच्या या गळतीवर मर्यादा घातली. टीआरएस-80 चं पहिलं मॉडेल त्यात बसेना, आणि 1981 च्या सुरुवातीला कंपनीने ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं. प्लॅस्टिकच्या आत धातूचा लेप आला तो अशा नियमांमुळे. दहा-बारा स्क्रूंचं कारणही तेच. कव्हर आणि सांगाडा जिथे एकमेकांना टेकत नाहीत तिथे लांबट फट राहते, आणि लांबट फट ही रेडिओलहरींसाठी चक्क अँटेना असते. फट जितकी लांब तितकी गळती जास्त. म्हणून थोड्या थोड्या अंतरावर स्क्रू नाही तर स्प्रिंग देऊन तिचे तुकडे पाडतात.

या गळतीशी रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांचं जुनं भांडण आहे, आणि त्यांचं एक ठिकाण नारायणगावापासून हाकेच्या अंतरावर आहे. खोडदची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. 14 मधल्या चौकात, बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. ही जागा निवडण्यामागे रेडिओ-गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं. पुढे गावं वाढली, मोबाइलचे मनोरे आले, विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा त्रास आहेच. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर ही आखणी दुर्बिणीच्या निरीक्षणांना बाधक ठरेल म्हणून रेल्वे मंत्रालयाने बाजूला ठेवली, तेव्हा या पट्ट्यात केवढा राग उसळला हे इथल्या माणसाला सांगायला नको. तो राग मला समजतो. दुर्बिणीची अडचणही खरी आहे. आकाशातून येणारा संकेत इतका क्षीण असतो, की निरीक्षणाच्या जागी उघडा ठेवलेला संगणक म्हणजे कीर्तनात वाजलेला कर्णा. अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स धातूने मढवलेल्या खोल्यांत आणि पेट्यांत ठेवतात. लॅपटॉपच्या कव्हरातला चंदेरी लेप ही त्याच खोलीची गरीब आवृत्ती.

खोडदच्या रस्त्याने जाताना एक गोष्ट लक्षात येते. तबकडीतून पलीकडचं आभाळ दिसतं. तिचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारांच्या जाळीचा आहे. जाळीची घरं 10 ते 20 मिलिमीटरची. वारा त्यातून निघून जातो, म्हणून आधाराचा सांगाडा हलका आणि स्वस्त करता आला. पण 21 सेंटिमीटरपासून 2 मीटरपर्यंतच्या लहरींना ती जाळी अखंड आरशासारखी वाटते, कारण लांबीच्या मानाने भोक फार लहान असलं की लहर त्यातून जातच नाही. लॅपटॉपच्या पंख्याची भोकं बारीक आणि पुष्कळ असतात, एकच मोठी खिडकी नसते, त्यामागेही हाच नियम आहे. एकाच नियमाने तिकडे आकाशातली लहर परत फिरवून पकडली जाते आणि इकडे घरातली आतच कोंडली जाते.

साठवणीचा प्रश्नही खोडदला आहे, पण त्याचं माप वेगळं. गेल्या दशकात दुर्बिणीचं मोठं नूतनीकरण झालं. तबकड्या त्याच राहिल्या. त्यांच्या केंद्रापाशी बसवलेले ग्राहक, संकेत आणणारी यंत्रणा आणि मागचे संगणक बदलले. एका वेळी ऐकता येणारा कंप्रतेचा पट्टा 32 मेगाहर्ट्‌झचा होता, तो 400 चा झाला. आता हिशेब करा. 400 मेगाहर्ट्‌झसाठी सेकंदाला 80 कोटी नोंदी लागतात. प्रत्येक तबकडीचे दोन संकेत, म्हणजे एकूण 60. एका नोंदीला एक बाइट धरला तरी सेकंदाला 48 अब्ज बाइट झाले. दुकानातली एक टेराबाइटची एसएसडी 21 सेकंदांत भरेल. म्हणून नेहमीच्या निरीक्षणात कच्चा संकेत साठवत नाहीत. तबकड्यांच्या 435 जोड्या लावून त्यांचे गुणाकार जागच्या जागी करतात, त्यांची सरासरी काढतात आणि तेवढीच ठेवतात. अशा जपून ठेवलेल्या नोंदींचं मोलही मोठं. 2010 ते 2012 मध्ये 150 मेगाहर्ट्‌झवर केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदी नव्या पद्धतीने पुन्हा चाळल्या गेल्या आणि 2017 मध्ये सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध झाली.

तबकडी तीच आणि पोटातलं यंत्र नवं, हे खोडदला जमलं, कारण दोन्ही भाग वेगवेगळे काढता येतात. घरच्या लॅपटॉपमध्ये मात्र ही सोय हळूहळू आटत चालली आहे. 2010 च्या दशकात एम-डॉट-टू ही उघडी पट्टी आली, तोवर ठीक होतं. 22 मिलिमीटर रुंद, बहुतेक वेळा 80 लांब. तिरकी खोचायची, दाबायची, एक स्क्रू. पण 2015 च्या 12 इंची मॅकबुकमध्ये साठवणीच्या चिप थेट बोर्डालाच डाग देऊन बसवल्या. त्याआधीच मॅकबुक बनवणाऱ्या कंपनीच्या स्क्रूंना साध्या फुलीऐवजी पाच पाकळ्या आल्या होत्या. धूळ बाहेर ठेवणारं झाकण मला पटतं, गोंगाट आत ठेवणारंही पटतं. मालकाला बाहेर ठेवणारं झाकण या कुळात अलीकडे शिरलेलं आहे, आणि त्याला जाडीचं किंवा वजनाचं कारण कितीही दिलं तरी ते मला पुरेसं वाटत नाही. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, ती असल्याच तक्रारींमुळे.

तेव्हा लॅपटॉप उघडून घ्याल तेव्हा दुकानदाराला दोन गोष्टी सांगाव्यात. स्क्रू ज्या भोकाचा त्याच भोकात जाऊ दे, कारण लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डाला टोचतो. आणि आतला चंदेरी कागद फाडून टाकू नको, गळती तोच अडवतो. ही गळती घरीही जाणवते. जुनी हार्ड डिस्क बहुतेक लोक स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या केसिंगमध्ये घालून यूएसबीला जोडतात. यूएसबी 3 च्या तारेतली गळती वायरलेस माउसच्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात येते. डिस्क लावल्यावर माउस अडखळू लागला, तर तो बहुधा बिघडलेला नसतो. त्याचा रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावायचा.