नान्सेनची झोपायची पिशवी

कयाक घेऊन मुक्कामाला निघालेले मित्र स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी असं विचारतात, तेव्हा मी त्यांना नॉर्वेचा ध्रुवीय शोधक फ्रिट्यॉफ नान्सेनची हकिगत सांगतो. १४ मार्च १८९५ रोजी तो आणि यालमार योहान्सन ‘फ्राम’ जहाज सोडून उत्तर ध्रुवाकडे निघाले. सोबत कुत्री, स्लेज, बांबूच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेले दोन कयाक आणि दोघांत मिळून रेनडिअरच्या कातड्याची एकच पिशवी.

दिवसभराच्या घामाने कपडे गोठून चिलखतासारखे कडक होत. बाह्यांच्या कडांनी नान्सेनच्या मनगटांवर जखमा झाल्या. रात्री पिशवीत शिरल्यावर अंगाची ऊब आधी ते बर्फ वितळवण्यात खर्च व्हायची. ओले मोजे छातीवर ठेवून वाळवायचे. ही सगळी ओल कातड्यात मुरे आणि पिशवी जड होत जाई. परतीच्या वाटेवर उन्हाळ्यात, पुढे पाणी लागणार म्हणून ओझं कमी करताना, त्यांनी ती मागेच ठेवली आणि लोकरी ब्लँकेटांवर भागवलं. फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहावरच्या दगडी झोपडीत हिवाळा काढताना त्यांनी वेगवेगळं झोपून पाहिलं. थंडीने जीव नकोसा झाला, तेव्हा ब्लँकेटं पुन्हा एकत्र शिवली.

म्हणून माझा सल्ला ठाम असतो: तापमानाच्या आकड्याइतकाच ओलीचा विचार करा. पिसांची बॅग भिजली की फुगवटा जातो आणि ऊबही जाते. कृत्रिम तंतूंची बॅग जागा जास्त खाते, पण ओलाव्यात बऱ्यापैकी साथ देते. कोणतीही घ्या, जलरोधक पिशवीत तोंड नीट गुंडाळूनच कयाकमध्ये ठेवा.