मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीत कायम कोण?

कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने यंत्रगणकाच्या अंतर्गत कारभारावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या यांचे हिशेब वाहणारा मोठा यंत्रगणक. त्याचा कारभार पाहणारी ती कार्यप्रणाली. तिचे खरे घटक कोणते, यावर जाणत्यांतही वाद होतो. कारखान्याच्या दारात आम्हीही हेच भांडलो : कारखान्याचा माणूस कोण? पगारपत्रकात नाव असलेला, की ज्याच्यावाचून काम अडते तो?

आरंभी ही कार्यप्रणाली म्हणजे एक माणूसच होता. एक काम संपले की ऑपरेटर कार्डांचा पुढचा गठ्ठा लावी, फिती चढवी. तोवर ते महागडे यंत्र स्वस्थ बसे. 1956 साली जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या गिऱ्हाइकांनी आयबीएम 704 साठी एक कार्यक्रम रचला. एक काम संपताच दुसरे आपोआप सुरू करायचे, हे त्याचे मुख्य काम. म्हणजे ऑपरेटरच्या हातचे काम यंत्रात गेले, तेव्हा कार्यप्रणाली जन्मली.

7 एप्रिल 1964 रोजी आयबीएमने सिस्टिम/360 जाहीर केले. त्याच्या ओएस/360 चे दोन भाग होते. नियंत्रक भाग कामांची रांग लावी, स्मृती वाटून देई, फिती-तबकड्यांवरील मजकुराची ने-आण करी. दुसऱ्या भागात फोर्ट्रान-कोबॉलचे भाषांतरकार आणि वर्गवारी करणारे कार्यक्रम होते. कागदोपत्री दोन्ही घरचेच.

पण कार्डे वाचणे आणि छपाई ही कामे मंद. ह्यूस्टनच्या अंतराळ केंद्रात काम करणाऱ्या आयबीएमच्या मंडळींनी त्यासाठी ‘हास्प’ लिहिला : कार्डे आधीच तबकडीवर घ्यायची, छपाई मागाहून सावकाश करायची. मूळ यादीत हास्प नव्हता. पण ठिकठिकाणी त्याच्यावाचून अडू लागले, आणि पुढे एमव्हीएसमध्ये तो ‘जेस2’ नावाने नांदू लागला. आमच्या भाषेत, कंत्राटी कामगार कायम झाला!

23 जून 1969 रोजी कंपनीने कार्यक्रमांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. नियंत्रक फुकट राहिला, नव्या भाषांतरकारांना दर लागला. कोणी म्हणेल, फुकट ते आतले, विकतचे बाहेरचे. पण 1980 च्या दशकात नियंत्रकाच्या नव्या आवृत्त्याही विकतच्या झाल्या; म्हणून तो काही बाहेरचा ठरला नाही. दरपत्रक ही कसोटी नव्हे.

कसोटी आपल्याकडच्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने विचारली होती : काम आवश्यक आहे का, आणि बारमाही आहे का? ती लावून पाहा. कोबॉलचा भाषांतरकार काढला, तरी आधी भाषांतर झालेली कामे चालतात. नियंत्रक काढला, तर काहीच चालत नाही. जेस काढला, तर कामे घ्यायला आणि निकाल पोचवायला कोणी उरत नाही. तेव्हा नियंत्रक आणि जेस हे कायम. बाकीचे उपयोगी सोबती.

आणि ज्याच्या हातून हे सारे सुरू झाले, तो ऑपरेटर? त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही. कामाची यादी करताना ते काम आधी कोण करीत होते, हेही विचारावे, इतकेच माझे सांगणे.