न झालेल्या विमानाची प्रतिकृती



आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, समुद्र नाही. अकोल्याच्या बाजूला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले तरी दिसते ते खालचे कोकण. नगरला लष्कराची वस्ती जुनी, रणगाड्यांचे संग्रहालयही इथेच. त्यामुळे शाळेच्या प्रदर्शनात मातीचा नाही तर पुठ्ठ्याचा रणगाडा हटकून असतोच. पण समुद्रातल्या जहाजावरून उडणारे लढाऊ विमान आपल्या मुलांनी बहुधा चित्रातच पाहिलेले असते.

मी आज शिक्षकबंधूंना आणि भगिनींना सुचवणार आहे ते असे की, मुलांकडून अशा एका विमानाची लाकडी प्रतिकृती करून घ्या. आणि तीही कधीच अस्तित्वात न आलेल्या विमानाची. तुम्ही म्हणाल, इतिहासाचा प्राध्यापक आणि कल्पनेतले विमान? हा माणूस मुलांना इतिहास शिकवतोय की परीकथा? तुमची शंका रास्त आहे. तिचे उत्तर एका जहाजाच्या हकीगतीत आहे, ती आधी ऐका.

ऑगस्ट १९४२ मध्ये जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर सभासद आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून बंद केले गेले. हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. ते किल्ल्यात असतानाच, १४ ऑक्टोबर १९४३ रोजी, इंग्लंडात टाइन नदीकाठच्या गोदीत ब्रिटिश आरमाराच्या एका विमानवाहू नौकेचा पाया घातला गेला. तिचे नाव ‘हर्क्युलिस’. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात नेहरू किल्ल्यात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते, तेव्हा तिकडे त्या जहाजाचे पोलादी पत्रे जोडले जात होते. दोन्ही गोष्टी एकाच सरकारच्या हुकमतीखाली चाललेल्या!

जहाज पाण्यात उतरले २२ सप्टेंबर १९४५ ला. जपानने शरणागतीवर सही केली होती २ सप्टेंबरला. म्हणजे अवघ्या वीस दिवसांनी लढाई हुकली. मे १९४६ मध्ये काम थांबले, तेव्हा जहाज सुमारे पाऊण तयार होते. (मुंबईत आरमारी खलाशांचे बंड झाले ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. मुले या दोन गोष्टींचा संबंध जोडायला जातील. जोडू देऊ नका. युद्ध संपले, जहाजांची गरज सरली, एवढेच त्याचे कारण.) पुढे १९५७ साली भारताने ते अर्धवट जहाज विकत घेतले आणि बेलफास्टच्या गोदीत पुरे करून घेतले. ४ मार्च १९६१ रोजी तिथेच श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ते आपल्या नौदलात आले. तेच आपले ‘विक्रांत’. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ते मुंबईला बॅलार्ड पिअरला लागले आणि त्याचे स्वागत करायला धक्क्यावर उभे होते पंतप्रधान नेहरू. नगरच्या किल्ल्यातला कैदी आणि टाइनकाठचे जहाज यांची गाठ अशी अठरा वर्षांनी पडली.

आता प्रश्न असा. हे जहाज बांधले गेले महायुद्धासाठी, पण महायुद्धातले एकही विमान त्याच्यावर युद्धात उतरले नाही. त्याच्यावर उतरली ती पुढच्या पिढीची ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमाने. मग १९४५ साली ते वेळेवर तयार झाले असते तर त्याच्या डेकवर कसले विमान शोभले असते? ही जागा रिकामी आहे. इथे कल्पनेला वाव आहे. पण रिकाम्या जागेच्या चारी बाजूंना भिंती मात्र खऱ्या आहेत. मुलाला त्या भिंतींवर हात फिरवायला लावायचा, एवढाच माझा मतलब.

प्रमाण घ्यायचे बहात्तरास एक. म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट, प्रतिकृतीचा एक इंच. हिशेब चौथीच्या मुलालाही जमतो. या प्रमाणामागेही इतिहास आहे. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने आपल्या देशातील शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी विमाने मागवली, ती याच प्रमाणात. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावे म्हणून. पस्तीस फुटांवर टांगलेली अशी प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. शाळेतल्या सुतारकामाचा युद्धाला एवढा थेट उपयोग क्वचितच झाला असेल.

लाकूड पांगाऱ्याचे चालेल. हलके असते, चाकूला लवकर वळते. पटाशी, कानस, पॉलिशपेपर आणि खळ, एवढ्यावर भागते. पण लाकूड हातात घेण्याआधी एक जाड पुठ्ठा घ्या आणि त्यात नऊ इंच लांब, पावणेसहा इंचाला किंचित कमी रुंद असे भोक कापा. ही झाली जहाजाची लिफ्ट. हर्क्युलिसच्या वर्गातल्या जहाजांची लिफ्ट ५४ फूट बाय ३४ फूट होती. डेकवरचे विमान तिच्यावर ठेवून खाली हँगरमध्ये उतरवायचे आणि परत वर आणायचे. मुलाने केलेले विमान या भोकातून गेले पाहिजे. नाही गेले, तर ते कितीही सुंदर असो, या जहाजाचे नव्हे.

त्या काळच्या ‘सीफायर’ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३६ फूट १० इंच. आपल्या प्रमाणात सहा इंचांहून थोडे जास्त. सरळ ठेवले तर अडकते. एखादा हुशार पोरगा म्हणेल, ‘सर, आडवं फिरवलं तर बसतंय की!’ बसते, खरे आहे. त्याला शाबासकी द्या. मग त्याला विचारा, खालच्या हँगरची रुंदी ५२ फूट, तिथे पंख पसरलेली किती विमाने शेजारी शेजारी राहतील? एकच. आणि पंख दुमडून प्रत्येक विमान सतरा फुटांत बसवले तर? तीन. पंखांना बिजागऱ्या का आल्या हे त्याला आता सांगावे लागत नाही.

अमेरिकन ‘कॉर्सेअर’ विमान ब्रिटिशांनी घेतले तेव्हाची गंमत सांगतो. त्याचे पंख वरच्या बाजूला दुमडत, आणि ब्रिटिश जहाजांतल्या हँगरचे छत ठेंगणे. मग काय केले? प्रत्येक पंखाचे टोक आठ इंच छाटून टाकले. आपल्या प्रतिकृतीत आठ इंच म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही कमी. पण तेवढ्यासाठी साऱ्या विमानांचे पंख कापले गेले.

आता उड्डाण. साताठशे फूट लांबीच्या जहाजावर विमानाला धावायला जागा ती किती! म्हणून जहाज वाऱ्याच्या तोंडावर घालून पूर्ण वेगाने, ताशी सुमारे ४६ किलोमीटरने, हाकायचे आणि विमान कॅटापुल्टने फेकायचे. पाखरे हाकणाऱ्याची गोफण पाहिलेल्या मुलाला ही कल्पना लगेच कळते. उतरताना उलटे. डेकवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात, विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो, तो तारेत अडकला की विमान जागच्या जागी थोपते. त्यासाठी पाठीचा कणा भक्कम हवा आणि चाकांचे पाय धिप्पाड हवेत. सीफायर मुळात जमिनीवरचे ‘स्पिटफायर’. त्याचे पाय नाजूक आणि एकमेकांच्या जवळ. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोच्या किनाऱ्यावर सैन्य उतरले, तेव्हा वारा पडलेला होता. त्या दिवसांत शत्रूच्या माऱ्यापेक्षा डेकवर उतरतानाच जास्त सीफायर मोडले. मुलाने प्रतिकृतीला काडीसारखे पाय लावले, तर त्याला ही हकीगत सांगा. तो आपण होऊन जाड काड्या शोधायला जाईल.

आमच्या काही विद्यार्थ्यांनी असे विमान केले, त्याला नाव दिले ‘घार’. लिफ्टची परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली. खरा वाद झाला तो रंगाच्या वेळी. पंखावर कोणते चिन्ह काढायचे? मुलांना तिरंगी चक्र हवे होते. विमान १९४५ चे, जहाज ब्रिटिशांचे. एक विद्यार्थी चिडून म्हणाला, ‘आपले पुढारी किल्ल्यात कोंडले आणि आम्ही त्यांचं चिन्ह रंगवायचं?’ मला तो प्रश्न फार आवडला. पण चिन्ह त्या सालचेच काढावे लागले. त्यातही एक बारकावा आहे. पूर्वेकडच्या युद्धात ब्रिटिशांनी आपल्या चिन्हातला मधला लाल ठिपका पुसून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असे आणि आपलेच लोक आपल्यावर गोळ्या झाडण्याची भीती. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले भारतीय वैमानिकही याच लाल ठिपक्याविना चिन्हाखाली लढले. हे ऐकल्यावर त्या मुलाने निळा रंग कालवायला घेतला, राग मात्र गेला नव्हता. जाऊ नयेच. तो रागही त्या काळाचाच भाग आहे.

आता चिठ्ठीविषयी. प्रतिकृतीखाली ठळक लिहा: ‘काल्पनिक विमान’. यात कसूर नको. १९४० साली जर्मनांनी आपल्या मोजक्या ‘हाइन्केल १००’ विमानांवर निरनिराळ्या तुकड्यांची चिन्हे रंगवली, फोटो काढले आणि ‘हाइन्केल ११३’ नावाचे नवे विमान आले आहे अशी हूल उठवली. असे विमान नव्हतेच. तरी ब्रिटिश वैमानिक आपण त्याच्याशी लढलो असे अहवालात लिहीत राहिले. खोटी चिठ्ठी काय करते ते पाहा. आपल्याकडेही शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. तळपदे यांची धडपड खरी. पण त्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. त्यांच्या विमानाची प्रतिकृती मुलांनी जरूर करावी, फक्त खाली ‘असे सांगतात’ हे दोन शब्द असावेत. एवढ्याने कोणाचा अपमान होत नाही.

राहता राहिले ते जहाज. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात गेले आणि ४ डिसेंबरला त्याच्या सी हॉकनी कॉक्स बझार व चितगावावर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ ला ते निवृत्त झाले. २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईला संग्रहालय म्हणून उभे होते, आणि २०१४ साली दारूखान्यात ते मोडायला काढले. त्यातले काही पोलाद एका मोटारसायकलच्या टाकीत गेले. ‘बजाज व्ही’ नावाची ती गाडी २०१६ मध्ये बाजारात आली आणि आपल्या गावच्या रस्त्यावर एखादी अजून दिसेलही. सी हॉक आणि अलिझे पाहायची असतील तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात मुलांना न्या. सी हॉकचे पंख ३९ फुटांचे, आपल्या प्रमाणात साडेसहा इंच. पुठ्ठ्याचे भोक बरोबर घेऊन जा, आणि त्याचे पंख नेमके कुठे दुमडतात ते मुलांनाच शोधू द्या.