गिरणीचा भोंगा आणि मातेचें दूध

सोलापुरांत १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालूं लागला. गिरणीत जाणाऱ्या बाळंतिणीहि त्यांतून सुटल्या नाहींत. अंगावरचें दूध हा कांहीं भरून ठेवलेला साठा नव्हे. मूल जितकें ओढील तितकें तें उतरतें, आणि पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याची घडी बसते. नेमक्या त्याच दिवसांत आईला वाइंडिंग खातें गांठावें लागे! मुंबईच्या गिरणगांवांत तर घरीं राहिलेलें मूल निजून राहावें म्हणून त्याला अफू देत. गुंगलेलें मूल पिणार तें किती?

मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं प्रसूति-भत्त्याचा कायदा झाला. आदल्या वर्षीं कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं त्याच्या बिलाचा पुरस्कार केला होता. बाळंतपणानंतर चार आठवडे काम बंद व भत्ता चालू, एवढें त्यानें साधलें. पहिला चीक पिळून टाकण्याची चाल मात्र गिरणीनें लावलेली नव्हे. ती सुशिक्षितांच्या वाड्यांतहि होती, आणि तिथें कोणताहि भोंगा वाजत नव्हता. कामावर असतां मुलाला पाजण्यासाठीं दिवसांतून दोनदां सवड मिळण्याचा हक्क १९६१ च्या कायद्यानें दिला.